ठमीसाठी पाला

"लेजर झाल्यावर डोला जाग्यावर ऱ्हातो ना, डॉक्टर?"

भाईंदर पश्चिमेच्या त्या छोट्या दवाखान्यात दगडू भोईरने हे विचारलं. डॉक्टर तरुण होता. त्याने आधी दगडूकडे पाहिलं, मग मशीनवर हनुवटी टेकवून बसलेल्या शकूकडे, आणि तो हसला.

"जागेवर नाही राहणार तर जाणार कुठे, काका?"

कुठे जातो ते दगडूला पक्कं ठाऊक होतं. पिवळ्या झाकणाच्या बरणीत जातो. पण तो बोलला नाही. हसणाऱ्या माणसावर त्याचा तसाही भरवसा नसे. डॉक्टर हसला की त्याच्या मनात पाल चुकचुकलीच म्हणून समजा.

"मावशींची साखर बरीच वर्षं वाढलेली आहे," डॉक्टर आता दगडूला सोडून त्याच्या मुलीशी, दिशाशी बोलू लागला. "डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या नसा खराब झाल्यात. नवीन कच्च्या नसा फुटल्यात, त्या कधीही गळतील. लेजरने त्या सुकवायच्या. कापाकापी नाही, टाके नाहीत, बसल्या जागी काम. पण उशीर करू नका."

"इतकं सोपं हाय तर घाई कसली?" दगडू म्हणाला.

"पप्पा, प्लीज."

शकू मशीनवरून बाजूला झाली. औषध घातल्यामुळे तिला सगळं धुरकट दिसत होतं, तरी तिने नवऱ्याच्या दिशेनेच तोंड केलं. घरातले सगळे निर्णय शकू घ्यायची. भिंतीला रंग कुठला द्यायचा, दिशाला कुठल्या कॉलेजात घालायचं, कुणाच्या लग्नाला जायचं, कुणाच्या नाही. पण लेजर हे खातं तिने नवऱ्याचं मानलं होतं.

"ह्यांच्या कामावर रोजचीच हाय लेजर," ती डॉक्टरला कौतुकाने म्हणाली. "हे सांगतील तसं."

"अच्छा? काका हॉस्पिटलमध्ये आहेत?"

"सशांकडे आहेत," दिशा म्हणाली.

"बघू," म्हणत दगडू उठला. त्याच्या तोंडचा 'बघू' म्हणजे 'नाही', हे दिशाला लहानपणापासून माहीत होतं.

घोडबंदर रस्त्याला, चेणे गावाच्या अलीकडे एक संशोधन संस्था आहे. आत काय चालतं ते बाहेरून कळू नये अशीच ती बांधलेली आहे. दगडू राबायचा ती मुर्ध्याची मिठागरं बंद पडली, तेव्हा तो ओळखीने तिथे चिकटला. कामाचं नाव मोठं होतं, काम साधं. ससे सांभाळायचे. खोल्या धुवायच्या, पिंजरे धुवायचे, गोळीपेंड आणि पाणी द्यायचं, आणि बोलावलं की ससा धरून न्यायचा. एका हाताने मानेची कातडी, दुसरा हात बुडाखाली. नीट धरला नाही तर ससा लाथ झाडतो आणि स्वतःचाच कणा मोडून घेतो.

ससे सगळे पांढरे, लाल डोळ्यांचे. त्यांच्या एका डोळ्यात गाठीचं बी सोडतात, एवढं दगडूला माहीत होतं. गाठ धरली की काही सशांना लेजरच्या खोलीत न्यायचं. दारावर लाल दिवा लागायचा. दगडू बाहेर थांबायचा. गुंगीतला ससा परत त्याच्या हातात यायचा तेव्हा तो डोळा सुजलेला असे, त्यातून पाणी गळत असे, आणि दोन दिवस ते जनावर तो मिटूनच बसे. मग काही आठवड्यांनी सगळी तुकडी, एकामागून एक, टोकाच्या खोलीत जायची. तिथून दगडूच्या हातात परत यायचा तो रिकामा पिंजरा. त्या खोलीतल्या फळीवर बरण्या होत्या, पिवळ्या झाकणांच्या. एकेका बरणीत एकेक डोळा.

यावरून दगडूने मनाशी हिशेब मांडला होता. ज्यांना लेजर मिळालं नाही ते गेले, ते ठीक. गाठ होती, जायचेच होते. पण लेजरवाले का गेले? औषध लागू पडलं असतं तर इतक्या वर्षांत एखादा तरी ससा चालत परत आला नसता का? मोठमोठी मशीनं आणतात, परदेशातून पाहुणे येतात, टाळ्या वाजतात, आणि ससे मरतात ते मरतातच. कुठेतरी पाणी मुरत होतं. हे लोक सरकारला फसवतायत की स्वतःलाच, एवढंच काय ते दगडूला कळत नव्हतं.

कुणाला विचारावं म्हटलं तर तिथे विचारण्याचीच चोरी. मध्ये एकदा प्राणिमित्र म्हणवणारी मंडळी फाटकावर पाट्या घेऊन उभी राहिली होती. तेव्हापासून फाटकावर फोन काढून घेतात, पिशव्या उलट्या करून बघतात. आत काय चालतं याची बाहेर वाच्यता करायची नाही असं सगळ्यांना बजावलं गेलं. झाडूवाला महिपत फार प्रश्न विचारायचा, तो पुढे दिसेनासा झाला. प्रश्नांमुळे गेला की गावी शेती करायला गेला, कुणास ठाऊक. दगडूने मात्र कानाला खडा लावला.

पण घरी बायको होती, आणि ती रोज विचारायची.

शकूची घरामागे छोटीशी वाडी होती. मुळा, लाल माठ, मेथी. सकाळी भाजी घेऊन ती भाईंदरच्या बाजारात बसायची. दगडूला सशांकडे काम लागल्याचं कळलं त्याच दिवशी तिने मुळ्याचा कोवळा पाला निवडून पिशवी भरली. "मुक्या जनावराला गोल्या कसल्या घालताव? हे न्या," म्हणाली. ती पिशवी तेव्हापासून रोज दाराच्या खुंटीला टांगलेली असायची.

बाहेरचं पानसुद्धा सशांना चालत नाही हे दगडूने तिला सांगितलं नाही. पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं, आणि मग रोजच राहिलं. संस्थेच्या फाटकाबाहेर विमलाबाईची चहाची टपरी होती आणि टपरीच्या खांबाला तिची बकरी. शकूचा पाला बकरी खायची. बकरी टुणटुणीत झाली.

संध्याकाळी शकू विचारायची, "खाल्ला का?"

"खाल्ला."

"कोनी कोनी?"

मग सांगावं लागायचं. दगडू मुळात थापाड्या नव्हता. तो सशांबद्दल सांगायचा ते खरंच असायचं, फक्त पाला खोटा. कोण लाजाळू, कोण खादाड, कोण कोपऱ्यात तोंड करून बसतो. शकू त्यांना नावं ठेवायची. आत्ताच्या तुकडीत एक ससुली होती. ती पाण्याचं भांडं रोज लाथेने उपडं करायची आणि मग साळसूदपणे बघत बसायची. तिचं नाव शकूने ठमी ठेवलं. रोज घरी आल्याआल्या पहिला प्रश्न तिचाच. "पाडलं का भांडं ठमीनं?" आणि दगडूने पाडलं म्हटलं की शकू हसायची, जणू काही माहेरचंच कुणी खोडकर पोर.

आणि तुकडी संपली की ससे कुठे जातात, हाही प्रश्न एकदा आलाच होता. तेव्हा दगडूने वरसाव्याच्या पुढे एका शेठची बाग उभी केली. काम झालं की ससे तिथे सोडतात. कुंपण आहे, आंब्याचं झाड आहे. पुढे पुढे तिखटमीठ लावता लावता बागेत एक तळंही आलं.

तर आता हा लेजरचा पेच. लेजर नको म्हणायचं तर कारण सांगायला हवं, आणि कारण सांगायचं तर बाग मोडायला हवी.

"काय होतं हो लेजरनं?" दवाखान्यातून आल्यावर शकूने विचारलं.

"जालतं," दगडू म्हणाला. "आतून भाजतं डोल्याला."

"मंग त्या सशांना करतात ते?"

"ते ससे हायत. तू मानूस हायस."

एवढं शकूला पुरलं. दिशाला पुरलं नाही. ती मीरा रोडला एका कंपनीत कामाला होती, तिथून दिवसातून दोनदा फोन करायची. "पप्पा, तुम्हाला कुणी भगत भेटलाय का? कुणी काय सांगितलंय? डॉक्टर खोटं बोलतायत का?" दगडू म्हणायचा, बघू. दिशाला वाटे, बाप कुणाच्या तरी नादी लागलाय. दगडूला वाटे, डॉक्टर काहीतरी हातचं राखून बोलतोय. आणि शकूला वाटू लागलं की डोळा आधीच गेलेला आहे आणि बापलेक मिळून ते लपवतायत. घरात माणसं तीन आणि संशयही तीन. जेवताना कुणी कुणाच्या ताटाकडे बघेना.

थंडीतली ती सकाळ. शकू वाडीत तण काढत होती. दगडू पिशवी घ्यायला मागच्या दारी गेला तर तिच्या बाजूला मुळ्याची कोवळी रोपं उपटून पडलेली आणि तण जिथल्या तिथे. तो काही बोलणार, तोच शकूने मान वर केली.

"अवो," ती म्हणाली, "आज ऊन लाल कशापायी दिसतंय?"

ऊन नेहमीसारखंच पिवळं होतं. उजवा डोळा हाताने झाकून ती म्हणाली, "डाव्यानं तर कायच दिसत न्हाय. लाल पडदा पडलाय."

दिशाने धावतपळत रिक्षा आणली, आईला आत बसवलं. दगडू रिक्षात बसला नाही. "तुमी व्हा फुडं," म्हणाला आणि कामाच्या रस्त्याला लागला. दिशाने बापाकडे असं पाहिलं की परक्या माणसाकडेही कुणी पाहू नये. पण त्याला जे विचारायचं होतं ते चेण्यालाच विचारता येणार होतं, भाईंदरला नाही.

टपरीवर बकरी त्याला बघून ओरडली. पिशवी तो घरीच विसरला होता.

स्नेहल मॅडम डोळ्यांच्या प्रयोगाचं बघायच्या. पस्तिशीच्या, बोलायला कमी, सशांना मात्र इंजेक्शन देताना हळूच काहीतरी पुटपुटायच्या. दगडू त्यांच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"मॅडम, एक विचारू? लेजर दिलेला एक पन ससा जगत न्हाय. मंग तुमी देता कशाला?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. उठल्या, दार लोटून घेतलं.

"हे कोणी विचारायला सांगितलंय तुम्हाला?"

"कोनी न्हाय."

"दगडूकाका, इतकी वर्षं तुम्ही कधी एक शब्द विचारला नाहीत. आज अचानक? बाहेर कोणी भेटलं का? फोन कुठाय तुमचा?"

"फाटकावर हाय, मॅडम. माझ्या बायकोला लेजर सांगितलंय डोल्यात. साखरेचं. मी नको म्हनलो. आज तिचा डावा डोला गेला."

मॅडमनी दारावरचा हात काढला. मग खुर्चीत बसल्या.

"नको का म्हणालात?"

"मी बघतो ना इथं. लेजर झालं की डोला बरनीत जातो."

"अहो, पण..." त्या थांबल्या. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्हाला इतक्या वर्षांत कोणीच... काका, लेजरने नाही मरत ते. आपण मारतो."

दगडूने मान हलवली. हे त्याला पटण्यासारखं नव्हतं. "बरा झालेला पन?"

"चला. ती भांडं पाडणारी घेऊन या."

त्याने ठमीला आणलं. मॅडमनी तिच्या डोळ्यात थेंब घातले, डोळ्यासमोर कॅमेरा धरला. पडद्यावर मोठा केशरी गोल उमटला, त्यात लाल रेघा, खाडीच्या चिखलात ओहोटीला पडतात तशा. एका बाजूला एक पांढरट डाग होता.

"इथे गाठ होती," मॅडम बोट ठेवून म्हणाल्या. "लेजर दिलं तेव्हाचा हा फोटो. हा आजचा. दिसतंय? गाठ नाही. नुसता वण आहे. छान बरी झालीय ती. आणि तुमच्या बायकोच्या डोळ्यात तर गाठही नाही. लेजर दुसरं असतं तिकडे, पण रोज शेकडो लोकांना करतात. मी माझ्या आईला करून घेतलंय."

दगडू दोन्ही फोटोंकडे आळीपाळीने बघत राहिला. मग ठमीकडे. ती टेबलावर त्याच्या हाताखाली बसून नाक उडवत होती.

"मंग हिला सोडाल आता?"

"नाही."

"बरी झाली ना?"

"वरून बरी दिसतेय. मुळापासून गेली का, एखादी पेशी आत राहिली का, ते डोळा कापून भिंगाखाली बघितल्याशिवाय कळत नाही. आणि ते कळल्याशिवाय माणसाला देता येत नाही." मॅडम त्याच्याकडे न बघता बोलत होत्या. "पुढच्या आठवड्यात या तुकडीचं आहे."

दगडूला राग आला. कुणाचा ते मात्र नीट कळेना. मॅडम खोटं बोलत असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं. इतकी वर्षं तो ज्यांच्यावर संशय घेत होता त्या माणसांनी लपवलेलं काहीच नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलं नव्हतं, बस. आणि तेवढ्यापायी शकूचा डोळा गेला.

दुपारीच सुट्टी टाकून तो घरी आला. शकू मागच्या पायरीवर बसली होती. डाव्या डोळ्यावर पट्टी नव्हती, डोळा वरून अगदी धडधाकट दिसत होता. दिशा दारात उभी होती.

"डाव्यात रक्त भरलंय," ती म्हणाली. "उतरेल तेव्हा उतरेल, कदाचित ऑपरेशन. किती दिसेल सांगता येत नाही म्हणाले. उजव्याला आजच लेजर करतो म्हणत होते. आई नाही म्हणाली. तुम्ही नको म्हणालात ना."

दगडू शकूच्या शेजारी बसला.

"करू या गो लेजर," तो म्हणाला. "उद्याच."

शकूने त्याच्याकडे तोंड वळवलं. "तवा जालतं म्हनलात. आज कर म्हनता. मधी काय झालं?"

"चुकलो मी."

"तुमी रोज बघता ते चुकंल कसं?" तिचा आवाज चढला. "दोन्ही डोले गेलेत न माजे? खरं सांगा. मला उगा नाचवू नका. ती पोरगी एक सांगते, तुमी एक सांगताव, डॉक्टर हसतोय. कोनावर इस्वास ठेवू मी?"

आता बाग मोडण्याशिवाय इलाज नव्हता. दगडू बोलू लागला. नजर वाडीतल्या मुळ्यांवर ठेवून बोलला. टोकाची खोली, पिवळी झाकणं, रिकामे पिंजरे. लेजर दिलेले ससेही परत आले नाहीत म्हणून तो घाबरला. आणि आज कळलं की ते लेजरने गेलेच नव्हते. बरे झालेलेसुद्धा मारावेच लागतात, पुढच्या आठवड्यात ठमीलाही. दिशा दारात होती ती आत निघून गेली.

शकूने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"म्हंजे बाग न्हाय?"

"न्हाय."

"आंब्याचं झाड?"

"न्हाय गो."

"आनि माजा पाला?"

दगडूला वाटलं, हे तरी राहू द्यावं. पण आता एक सोडून दुसरं कसं ठेवणार? "विमलाबाईची बकरी खाते," तो म्हणाला. "पहिल्यापासून. आत पान नेऊ देत न्हायत."

शकूने पायरीवर हात टेकला आणि ती हळूच उठली. तो धरायला गेला तर तिने हात बाजूला केला. चौकट चाचपत ती आत गेली. आतून तिचा आवाज आला, दिशाशी बोलत होती.

"उद्या जाऊ गो दवाखान्यात. आसलं खोटं सोताच्या अंगावर कोन घेईल? हे खरंच असनार."

दुसऱ्या दिवशी लेजरच्या खोलीशी दगडू शकूला हाताला धरून घेऊन गेला. दारापर्यंत. दार लागलं आणि तो बाहेर उभा राहिला, हातात तिच्या चपला. त्याला खुर्ची दिली तरी तो बसला नाही. दारावर लाल दिवा नव्हता, तरी तो वरच बघत होता. थोड्या वेळाने दार उघडलं आणि शकू स्वतःच्या पायांनी बाहेर आली. डोळ्यातून पाणी गळत होतं, पण डोळा जागेवर होता.

"हिरवं हिरवं दिसत होतं नुसतं," ती दिशाला म्हणाली. "मुंगी चावल्यासारखं झालं. बाकी कायच न्हाय."

दगडू खाली वाकला आणि तिच्या चपला तिच्या पायांसमोर ठेवू लागला. शकूने त्या घातल्या आणि दिशाचा हात धरून ती निघाली.

त्या दिवसापासून तिने त्याला सशांबद्दल काहीच विचारलं नाही. जेवायला वाढायची, आंघोळीचं पाणी काढायची, औषधाचे थेंब घालून घ्यायची. पण "खाल्ला का" नाही, "कोनी" नाही, ठमीचं भांडं नाही. तो काही सांगायला गेलाच तर "बरं" म्हणायची. "बाजारात गर्दी होती" म्हटलं, बरं. "बस उशिरा आली" म्हटलं, बरं. दगडूच्या लक्षात येऊ लागलं की ती त्याच्या प्रत्येक शब्दाला आता तसंच तपासते आहे जसं फाटकावरचा माणूस पिशवी तपासतो. खुंटी रिकामी होती. विमलाबाईची बकरी दोन दिवस ओरडली, मग तीही गप्प झाली.

ठमीच्या दिवशी त्याने घरी काही सांगितलं नव्हतं. सकाळी निघाला तर खुंटीला पिशवी टांगलेली. उजवा डोळा बारीक करून, एकेक पान डोळ्याजवळ नेऊन निवडलेला पाला. किडकं पान एक नाही.

"पुढचा आठवडा म्हनला होता तुमी," शकू चुलीकडून म्हणाली. "आजच असंल ना?"

"आजच."

"तिला द्या."

आत नेऊ देत नाहीत हे तिला आता माहीत होतं. तरी ती म्हणाली, आणि दगडू पिशवी घेऊन निघाला.

टपरीशी बकरी त्याला बघून दोरी ताणून उभी राहिली. "आला गो तुझा मामा," विमलाबाई म्हणाली. "इतके दिस पाला कुठं होता, दादा?" दगडूने पिशवीतलं सगळ्यात कोवळं पान काढून घेतलं, घडी करून मुठीत धरलं आणि बाकीची पिशवी बकरीपुढे रिकामी केली. फाटकावर पहारेकऱ्याने नेहमीप्रमाणे म्हटलं, "फोन जमा करो, चाचा. थैला दिखाओ." थैल्यात काही नव्हतं. आत कपडे बदलताना त्याने ते पान डोक्यावरच्या कापडी टोपीत सरकवलं. आयुष्यात त्याने मिठागरावरून चिमूटभर मीठ चोरलं नव्हतं.

तुकडी टोकाच्या खोलीत जाऊ लागली. ठमीला त्याने सगळ्यात शेवटी काढलं. एक हात मानेला, एक बुडाखाली. मग पहिल्यांदाच तशी न धरता त्याने तिला दंडावर घेतली, तान्ह्या पोराला घेतात तशी. खोलीच्या दाराशी टोपीतून पान काढून तिच्या तोंडाशी धरलं. तिने हुंगलं. तिने जन्मात हिरवं काही पाहिलं नव्हतं. मग एका कडेने कुरकुर कुरकुर करत ती खाऊ लागली. देठापर्यंत खाल्लं.

स्नेहल मॅडम आत पाठमोऱ्या उभ्या होत्या. दगडू दारात थांबलाय हे त्यांना कळलं असणार. त्यांनी सुई उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. वळून बघितलं मात्र नाही. पान संपल्यावर दगडू आत गेला आणि नंतर रिकामा पिंजरा घेऊन बाहेर आला. तो त्याने धुतला, उन्हात उलटा घातला.

घरी पोचला तेव्हा शकू ओटीवर बसली होती. काळा चष्मा तिने डोक्यावर सरकवला होता.

"दिलं," दगडू म्हणाला.

"बरं."

"खरंच दिलं गो. एकच पान नेता आलं. टोपीत घालून नेलं. खाल्लं तिनं. देठ पन न्हाय टाकला."

"तुमी सांगताव म्हंजे खाल्लंच असंल," शकू म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर दगडूला बरं वाटलं असतं.

त्याला आणखी काही बोलावंसं वाटेना. खरं सांगायला माणसाजवळ शब्द वेगळे नसतात, खोट्याचेच वापरावे लागतात. तो तिच्यासमोर पायरीवर बसला आणि खाली वाकून पायातल्या चपला काढू लागला.

"हालू नका," शकू म्हणाली.

ती पुढे झाली. डावा डोळा तिने मिटला आणि उजवा त्याच्या डोक्याजवळ, अगदी जवळ आणला. तिचा श्वास त्याच्या टाळूला लागत होता. मग तिने दोन बोटांनी त्याच्या केसांतून काहीतरी उचललं. पानाचा फाटका कपटा होता, नखाएवढा. तिने तो डोळ्यासमोर धरला, बोटांत चुरडला, वास घेतला. स्वतःच्या वाडीतल्या मुळ्याचा वास तिला डोळे मिटूनही ओळखता आला असता.

ती मागे टेकून बसली. शेजारच्या नव्या इमारतीवर कामगार एकमेकांना हाका मारत होते. त्या बऱ्याच वेळाने थांबल्या.

"भांडं पाडलं का तिनं?" शकूने विचारलं.

"न्हाय," दगडू म्हणाला. "आज न्हाय पाडलं."